पडद्यावरून गायब झालेले मास्तर

वऱ्हाडात सिनेमा यायचा तो 'सी. पी.-बेरार' म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड या वितरणाच्या सर्किटमधून. प्रांत मोडला, आमचे जिल्हे महाराष्ट्रात आले, तरी चित्रपटाच्या धंद्यात ते नाव टिकून राहिलं. मुंबईत गाजून उतरलेला सिनेमा आधी अमरावतीला लागायचा आणि मग कधीतरी परतवाडा-अचलपूरकडे वळायचा. 'इन्साफ का तराजू' १९८०चा; आमच्याकडे तो पोचला तेव्हा पोस्टरचे रंगही उडालेले होते. मी तेव्हा अकरावीत होते, आईबरोबर बायकांच्या बाजूला बसलेली. नायिकेची धाकटी बहीण नीता नोकरीच्या मुलाखतीला जाते आणि टेबलापलीकडचा माणूस तिला कपडे उतरवायला लावतो, तिथे पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, "मान खाली घाल वं, नोको पाहू." नीताचं काम करणारी पद्मिनी कोल्हापुरे त्या वेळी पंधराच्या आतबाहेर, म्हणजे माझ्याहूनही लहान होती. त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं. एका कोवळ्या मुलीवरचा अत्याचार दाखवायला दुसरी कोवळी मुलगी कॅमेऱ्यापुढे तशी उभी करावी लागते का, हा प्रश्न आमच्याकडे तेव्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हा चित्रपट १९७६च्या 'लिपस्टिक' या अमेरिकन चित्रपटावरून बेतलेला. मूळ चित्रपटातला गुन्हेगार कोण आहे? नायिकेच्या धाकट्या बहिणीचा संगीतशिक्षक. ज्याच्यावर तिचा विश्वास आहे, ज्याची ती स्वतःहून मोठ्या बहिणीशी ओळख करून देते, तो. हिंदीत येताना हा शिक्षक गळाला आणि त्याच्या जागी श्रीमंत, रंगेल तरुण आला. गुरुजींना पडद्यावर गुन्हेगार करण्याची हिंमत झाली नसावी, असं मला वाटतं. मी पुढे तीस-बत्तीस वर्षं शिक्षिका होते, म्हणून ही गळती मला जास्त बोचते. गुन्हेगार व्यसनी, पैसेवाला, डोळ्यांत वासना घेऊन फिरणारा दाखवला की प्रेक्षक निर्धास्त होतो. आपल्या शाळेत, आपल्या देवळात, आपल्या घरात असा कुणी नाही, असं त्याला वाटतं.

'इन्साफ का तराजू' आला त्याच वर्षी देशात चर्चा चालली होती ती मात्र खुर्चीवरच्या माणसांची. २६ मार्च १९७२ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. वैद्यकीय तपासणीत तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान आलं. नातेवाईक बाहेर थांबलेले, आत दिवा मालवलेला, दार लावलेलं. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे तिच्याविरुद्ध धरलं गेलं. वर्षभरानं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८०च्या महिलादिनी बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरला. विदर्भातल्या एका ठाण्यातून हे सगळं उभं राहिलं. 'इन्साफ का तराजू'त मात्र शेवटी नायिका बंदूक उचलते आणि न्याय स्वतःच करते.

गुन्हेगार विश्वासातलाच असतो, हे मराठी सिनेमाला आधीपासून कळत होतं. 'प्रभात'चा 'कुंकू' १९३७चा. शांता आपटेंच्या नीराला तिचा मामाच पैशासाठी म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती त्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, आणि वयानं तिच्याहून मोठा सावत्र मुलगा लगट करायला येतो तेव्हा त्याला छडीनं मारते. दिग्दर्शक शांतारामबापूंनी बोट पालकावर ठेवलं. जो सांभाळायचा तोच सौदा करतो, आणि घरातली बाकीची माणसं जेवायला बसतात.

मग १९८२चा 'उंबरठा'. शांता निसळ यांची 'बेघर' कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातली काही गाणी आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांची. स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून रुजू होते आणि तिला हळूहळू कळत जातं की आश्रयाला आलेल्या बायका-मुलींवर बाहेरच्या वजनदारांची नजर आहे आणि संस्थेतल्या माणसांचा त्याला हात आहे. या सिनेमात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या विश्वस्तांच्या बैठका. चहा येतो, इतिवृत्त लिहिलं जातं, संस्थेच्या नावाची काळजी केली जाते. अत्याचार टिकतो तो अशाच खोल्यांमध्ये, आणि त्या खोल्या जब्बार पटेलांनी दाखवल्या.

माझ्या नोकरीत मेळघाटातल्या कोरकू मुली वसतिगृहात राहायच्या. एकीनं एकदा मला एका माणसाबद्दल काही सांगितलं. मी ते वर कळवलं. त्या माणसाची बदली झाली, म्हणजे तो दुसऱ्या मुलींकडे पाठवला गेला. तेव्हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा नव्हता. १४ नोव्हेंबर २०१२पासून तो लागू झाला. शिक्षक, पोलीस, रुग्णालयातला माणूस, धार्मिक संस्थेतला माणूस यांनी केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर धरला आहे, आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. तरी २०१६मध्ये खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं आणि शाळेशी संबंधित माणसांना अटक झाली.

परतवाड्याहून सातपुड्यात चढून बैतूलमार्गे गेलं की छिंदवाडा. स्वतःला संत म्हणवणाऱ्या आसारामवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली सोळा वर्षांची मुलगी तिथल्याच त्याच्या गुरुकुलात शिकत होती. २५ एप्रिल २०१८ला जोधपूरच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. 'सिर्फ एक बंदा काफी है' हा २०२३चा चित्रपट त्या खटल्याची आठवण करून देतो. गुन्हेगार इथे बाबा आहे, म्हणजे गायब झालेला गुरू पडद्यावर परत आला. मला तो आवडला, तरी नावातला 'बंदा' वकील आहे, मुलगी नाही. जिनं सांगितलं आणि जी उलटतपासणीत टिकली, तिच्या बाजूनं बघणारा सिनेमा अजून हवा आहे. मुलगी अधीक्षिकेच्या टेबलापाशी पहिल्यांदा तोंड उघडते, तिथून तो सुरू व्हावा; आणि पुढच्या तासाभरात कोण कुणाला फोन करतं, कोण रजिस्टर मिटतं, कोण पोलीस ठाण्यात जातं, एवढंच त्यानं नीट दाखवावं.