काटा थांबू द्या, शेठ!

इतिहास लिहिणारी माणसं किराणा दुकानात कधी गेली नसावीत, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे. गेली असती तर लढाया, तह आणि सनदा यांच्या जोडीला निदान अर्धं पान गुळाच्या खड्यावर लिहिलं गेलं असतं. दोन अनोळखी माणसं एका फळीपाशी उभी असतात, एकाला चार पैसे कमी पडतात, दुसरा ते टाकतो आणि दोघं दोन दिशांना निघून जातात. याचा ना ताम्रपट होत, ना कुठल्या दप्तरात नोंद. वाण्याच्या वहीत उधारी लिहितात. उपकार लिहायला तिथे रकानाच नसतो.

आमचं तळोदाच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेलं हे गाव जागचं कधी हललं नाही, पण त्याचा पत्ता सारखा हलत राहिला. १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा ते पश्चिम खानदेशात गेलं, पुढे धुळे जिल्ह्यात आलं आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात नांदू लागलं. किराण्याच्या फळीला याचं काही सोयरसुतक नव्हतं. बाजाराच्या दिवशी तिच्यापुढे अहिराणी, गुजरी, भिली, पावरी आणि शाळेत शिकलेली मराठी अशा पाच भाषा खांद्याला खांदा लावून उभ्या असत. ज्याला जी येत नसे ती दुसरा कुणीतरी बोलून देई. दुभाष्याला सरकारात पगार असतो. इथे फार तर तंबाखूची चिमूट.

या फळीवर पहिलं मोठं संकट आलं ते १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तारीख एप्रिल फूलची असल्यामुळे पुष्कळांना सरकारने थट्टाच केली असं वाटलं, असं आमचे वडीलधारे सांगत. हिशेब असा होता: एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, पण सव्वाचा तो पाव पैसा टांकसाळीने पाडलाच नव्हता. म्हणून एका आण्याला सहा पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना मात्र एकोणीस! सोळा वेळा एकेक आणा मोडला तर हातात शहाण्णव पैसे यायचे आणि चार पैसे हवेत विरायचे. दुकानदार घेताना त्या पावाचा एक अर्थ करी, देताना दुसरा. अशा वेळी मागे उभा असलेला कुणी मास्तर किंवा शाळकरी पोरगा पुढे होऊन अनोळखी म्हातारीला तिचे पैसे मोजून देई. ‘माझे एकोणीस होतात ना रे भाऊ?’ एवढं विचारून ती ते पदराच्या गाठीत बांधी. दशमान पद्धत या देशात अर्थखात्याने आणली म्हणतात. तळोद्यापुरती ती चौथीतल्या पोरांनी आणली.

पाठोपाठ मापं बदलली. चिपटं, मापटं, शेर, पायली हा गोतावळा पिढ्यान्‌पिढ्या घरात नांदलेला. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही त्याची रीत. १९५८ पासून किलो येऊ लागला. ऐंशी तोळ्यांचा शेर भरतो ९३३ ग्रॅम, म्हणजे किलो शेरापेक्षा सदुसष्ट ग्रॅम मोठा. तेव्हा शेराच्या जुन्या भावात कुणी किलो दिला तर तो दाता आणि किलोच्या भावात शेर दिला तर... जाऊ द्या. वाण्यांमध्ये दोन्ही प्रकार होते.

तो दुसरा प्रकार जरा सांगायलाच हवा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वरची मूठ मिळते, पोराच्या हातावर गुळाचा खडा पडतो, हे आम्ही कौतुकाने सांगतो. पण डोंगरातून चारोळी, डिंक किंवा मोहाची फुलं घेऊन पहाटेपासून चालत आलेल्या माणसासाठी तेच पारडं फार चपळ असे. त्याचा माल घालताना ते जड होई आणि त्याला मीठ देताना हलकं. १९७० नंतर शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंतींसारखी माणसं उभी राहिली, श्रमिक संघटना झाली, जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढे झाले. ते काही उगाच नव्हे.

आणि म्हणून मला चार पैसे टाकणाऱ्यापेक्षा दुसराच एक परोपकारी मोठा वाटतो. तो खिशात हात घालत नाही. तो फक्त म्हणतो, ‘काटा थांबू द्या, शेठ!’

चारच शब्द. पण म्हणणाऱ्याची स्वतःची उधारी त्याच वहीत असते. दिवाळीचं तेल त्याला याच फळीवरून न्यायचं असतं. ज्याच्यासाठी तो बोलतो त्याचं नाव त्याला ठाऊक नसतं, पुन्हा भेट व्हायचीही शक्यता नसते. शेठ एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा काट्याकडे, आणि मग पारड्यात मिठाचा आणखी एक ओंजळभर ढीग पडतो. डोंगरातला माणूस फडकं बांधून निघून जातो. आभार वगैरे मानत नाही. आणि का मानावेत? त्याचंच मीठ होतं ते.

पुढे सरदार सरोवरात बुडालेल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांतली माणसं तळोद्याच्या बाजूला सोमावल, रोझवा अशा वसाहतींत राहायला आली. नर्मदेकाठी ज्यांना मासळी आणि रान हेच किराणा दुकान होतं, ती आता फळीपाशी तेल-तिखट मागू लागली. कुठला साबण अंगाचा आणि कुठला कपड्यांचा, हे शेजारच्या गिऱ्हाइकाने हाताच्या खुणेने सांगितलेलं मी पाहिलंय. कपड्यांचा दाखवताना त्या बाईंनी स्वतःचाच पदर दगडावर आपटल्यासारखा केला. दुकान हसलं, ती नवी बाईही हसली.

आता माल पुड्यात येतो. काटा विजेचा झाला. थांबू द्या म्हणायच्या आत लाल आकडे थांबलेले असतात. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चालेनासं झालं आणि सुट्ट्यांऐवजी गोळ्या हातावर ठेवणं रूढ झालं. हल्ली तर पैसेही मोबाइलमधून जातात. परवा एका आजोबांना सात रुपये कमी पडले. ते पुड्यांतली हळद परत ठेवू लागले. मागचा मुलगा हळूच म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे बाबा, मी देस,’ आणि गुपचूप मोबाइल पुढे केला. तेवढ्यात फळीवरच्या त्या डबीने साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सात रुपये मिळाल्याची दवंडी पिटली. मुलगा एवढा ओशाळला की स्वतःचं सामान न घेताच बाहेर पडला. मग आजोबा त्याची पिशवी घेऊन भर उन्हात त्याच्यामागे धावले.