फ्लॉरेन्समधले आपले महाराज

मॅपवर इटलीतलं फ्लॉरेन्स उघडा आणि 'इंडियानो' शोधा. अर्नो नदीवर एक पूल दिसेल. पूल १९७० च्या दशकातला, पण नाव पडलंय जवळच्या एका दगडी छत्रीवरून. तिथले लोक ज्यांना नुसतं 'इंडियानो', म्हणजे 'तो भारतीय' म्हणतात, ते आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

कुठले राजाराम? शिवरायांचे धाकटे चिरंजीव नव्हेत आणि शाहू महाराजांचेही नव्हेत. हे मधले, १८६६ ला गादीवर आलेले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात वारले. वय फक्त २०. आपण त्या वयात केट्या मोजत असतो राव!

आता खरी अडचण. तेव्हा तिकडे सगळं दफन. दहनाची पद्धतच नव्हती. खास परवानगी काढावी लागली. अर्नो आणि मुन्योने या नद्या जिथं मिळतात, तिथं रात्री चिता पेटली. परमुलखातही सोबतच्या माणसांनी संगम गाठला, हे मला फार मोठं वाटतं. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या बघितलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली, खाली फुलर या शिल्पकाराचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचं डिझाईन मेजर मँटचं. ओळखीचं वाटतंय? आपला टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस त्याचेच!

महाराजांनी प्रवासाची डायरी इंग्रजीत लिहिली होती. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली, संपादक कॅप्टन वेस्ट, सोबत गेलेला इंग्रज अधिकारी. म्हणून मी ती जरा जपूनच वाचतो. पण वाचाच, ऑनलाईन मिळते.

मागं गादीला वारस नव्हता. दत्तक आले चौथे शिवाजी महाराज. त्यांचा १८८३ मध्ये नगरला, इंग्रजांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. मग पुन्हा दत्तक, १८८४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा यशवंतराव. तेच राजर्षी शाहू.

कुणी इटलीला निघालं असेल तर सांगतो, छत्री कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे.