श्यामची आई (चित्रपट)

प्रल्हाद केशव अत्रे दिग्दर्शित मराठी कृष्णधवल चित्रपट (१९५३). मूळ पुस्तक साने गुरुजींचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले हे शिक्षक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबा भावे यांची गीता-प्रवचने टिपून घेतली आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीच्या ‘जर्मनी इयर झिरो’ या चित्रपटात (१९४८) युद्धाने उद्ध्वस्त बर्लिनमधला एडमंड हा मुलगा एकाकी पडतो. ‘श्यामची आई’त कोकणातल्या श्यामचे घरही कर्जाने खचते, पण त्याला आईचा आधार आहे. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा हट्ट तो धरतो. आई लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते आणि मनालाही तसेच जपायला सांगते. चित्रपटाचा प्राण या प्रसंगात आहे. वनमाला (आई) आणि माधव वझे (श्याम) यांचा अभिनय आजही ताजा वाटतो.

उत्कृष्ट कथाचित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली याच चित्रपटाला मिळाले.