माथेरानची चार इंजिनं आणि पुसलेली पाटी

माथेरानची 'राणी' सगळ्यांना माहीत असते. पण तिची पहिली इंजिनं कुणी बनवली असं विचारलं, की बहुतेक जण 'इंग्रजांनी' म्हणून मोकळे होतात. तर मंडळी, ती इंजिनं जर्मन होती. कंपनीचं नाव ओरेनस्टाइन अँड कोपेल. बेनो ओरेनस्टाइन आणि आर्थर कोपेल या दोन ज्यू व्यावसायिकांनी १८७६ साली बर्लिनमध्ये सुरू केलेली.

आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे पैसे घालून ही लाईन बांधली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. रूळ फक्त दोन फुटी, चढ वीसाला एक, आणि वळणं अशी की शेवटच्या डब्यातल्या माणसाला पुढचं इंजिन खिडकीतून दिसावं! सल्लागार होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आमच्या म्हसवडला रेल्वे नाही, पण शेजारच्या पंढरपूरला जी बार्शी लाईट रेल्वे यायची, ती उभी करणारा हाच माणूस.

आता इंजिनियरिंगची गंमत बघा. लांब इंजिन अशा वळणावर अडकतं, आणि छोट्या इंजिनात चढायची ताकद नसते. मग करायचं काय? इथे क्लिन-लिंडनर नावाची युक्ती वापरली. इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या. पुढच्या आणि मागच्या जोडीचा आस पोकळ, नळीसारखा. त्याच्या आत दुसरा भरीव आस, जो इंजिनाच्या सांगाड्यात सरळच फिरतो. दोघांच्या मध्ये गोल सांधा. त्यामुळे चाकं वळणाप्रमाणे तिरकी होतात, तरी ताकद मिळतच राहते. सहाच्या सहा चाकं ओढतात, आणि पुढची-मागची वळतातही. मला तरी हे डिझाईन फार आवडलं.

१९०५ ते १९०७ दरम्यान बनलेल्या या चार इंजिनांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घाट चढला. म्हणजे पाऊणशे वर्षं!

आणि त्यांना बनवणारी कंपनी? नाझी राजवटीत ओरेनस्टाइन कुटुंबाच्या हातून ती काढून घेतली. १९४० च्या सुमारास नावही बदललं, कारण दोन ज्यू नावं पाटीवर चालत नव्हती. युद्धानंतर बर्लिनजवळचा ड्रेवित्सचा इंजिन कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि त्याला कार्ल मार्क्सचं नाव मिळालं. पश्चिमेकडे जुनं नाव परत आलं खरं, पण पुढे ती कंपनी ओळखली गेली ती मुख्यतः खोदाईच्या यंत्रांसाठी.

चारपैकी एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक नेरळला आहे, आणि एक थेट इंग्लंडात लेटन बझार्डला पोचलंय. कधी नेरळला गेलात तर फोटो काढून लगेच गाडीकडे पळू नका. दोन मिनिटं वाकून चाकांकडे बघा. ज्यांची नावं त्यांच्याच देशाने पाटीवरून पुसली, त्यांच्या कंपनीचं काम आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी अजून उभं आहे.