सातच्या आत हार

१९ फेब्रुवारी २०२२ च्या सकाळी प्रो कबड्डीच्या आठव्या मोसमाचा गुणतक्ता असा होता. पाटणा, दिल्ली आणि यूपी योद्धा पुढच्या फेरीत पक्के. उरलेल्या तीन जागांसाठी पाच संघ. त्यातला बंगळुरू बुल्स आपले सगळे २२ सामने खेळून ६६ गुणांवर हात बांधून बसलेला. हरियाणा स्टीलर्स ६३, जयपूर पिंक पँथर्स ६२, गुजरात जायंट्स ६२ आणि आमची पुणेरी पलटण ६१. या चौघांचा एकेक सामना बाकी, आणि ते सगळे त्याच संध्याकाळी.

कोविडमुळे अख्खा मोसम बंगळुरूत व्हाइटफिल्डच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना चालला होता. मी तेव्हा घरून काम करत होतो. घर म्हणजे बोरी अरब, यवतमाळहून दारव्ह्याला जाताना लागतं ते. त्या दिवशी शनिवार होता आणि शिवजयंती होती. रस्त्यावर मिरवणूक, डीजे, भगवे झेंडे. आतल्या खोलीत मी, माझे काकाजी आणि एक एक्सेल शीट.

शीट लागायचीच. कारण प्रो कबड्डीत तेव्हा जिंकलं की ५ गुण, बरोबरी झाली की प्रत्येकी ३, आणि हरलं तरी सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ गुण मिळायचा. हा शेवटचा एक गुण काकाजींना आयुष्यात पटला नाही. ते त्यांच्या काळी चढाईला जायचे, डाव्या कोपऱ्यावर त्यांचा हात होता असं गावात अजून सांगतात. ते म्हणाले, “हारला तं हारला. त्या एका गुणाचं काय लोणचं घालाचं हाय का?”

मला मात्र वाटतं, कबड्डीच्या शंभर वर्षांत त्या एका गुणाइतकी नवी गोष्ट क्वचितच आली. आणि आता ती गेलीही. म्हणून हे लिहितोय.

मागे जाऊ. या खेळाचे लिखित नियम करायचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात महाराष्ट्रात सुरू झाले. १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा भरली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली की छाती जरा फुगते, माझीही फुगते. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ आला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. या सगळ्या काळात भांडण एकाच गोष्टीवर होतं: बाद झालेल्या माणसाचं काय करायचं? गामिनी प्रकारात बाद झालेला बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचा. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. आज आपण टीव्हीवर बघतो ती कबड्डी संजीवनीतून आलेली. म्हणजे सामन्याच्या आत कोण कधी मरतो आणि कधी परत येतो याचा विचार आपल्या लोकांनी भरपूर केला.

पण सामना संपल्यावर हरलेल्या संघाचं काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पडायचं कारणच नव्हतं. आमच्याकडचे खुले सामने बाद पद्धतीचे. कापूस वेचून झाला की थंडीत कुठल्यातरी गावाच्या मैदानात चुन्याच्या रेषा, चार बाजूंना हॅलोजन, लाऊडस्पीकरवर प्रवेश फीचा पुकारा. लांबच्या गावाचा संघ जीप करून यायचा, दहा-बारा जण एकमेकांच्या मांडीवर. रात्री एकच्या सुमारास त्यांचा नंबर लागायचा. हरले की त्याच जीपमध्ये परत. एका गुणाने हरले तरी आणि दोन लोण चढून हरले तरी जीपचं भाडं तेच. काकाजी अशा जीपमधून पुष्कळ वेळा परत आलेत. त्यामुळे “हारला तं हारला” हे त्यांचं तत्त्वज्ञान वगैरे नाही, हिशेब आहे.

२६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, आठ संघांची. तिने खूप गोष्टी बदलल्या: मॅट, तीस सेकंदांचं घड्याळ, दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘करा किंवा मरा’ चढाई. यांवर बोललं जातं. साखळी तक्त्यातल्या त्या एका गुणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. असाच गुण रग्बीत आधीपासून आहे, तिथेही सातच्या आत हरलं तर एक. रग्बीत सात म्हणजे एक ट्राय आणि त्यावरची किक, म्हणजे ‘एका फटक्याचं अंतर’ असा त्याला अर्थ आहे. कबड्डीत सात म्हणजे एका बाजूचे खेळाडू. याहून जास्त अर्थ मला शोधता आला नाही.

पण मैदानावर या नियमाने काय केलं ते बघा. शेवटची तीन मिनिटं, एक संघ दहाने मागे. जुन्या कबड्डीत हा सामना मेला. पुढचा संघ चढाईला जाऊन मध्यरेषेजवळ फिरून येणार, मागचा संघ मनातून जीपमध्ये बसलेला. आता मात्र मागच्याला तीन गुण काढायचे आहेत, आणि पुढच्याला तो फरक आठच्या खाली जाऊ द्यायचा नाही. हरलेल्या सामन्यात एक छोटा जिवंत सामना सुरू होतो. मी असे शेवट मूळ सामन्यापेक्षा जास्त ओरडून बघितलेत.

याच्या उलट टोकाला बास्केटबॉल. इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर पहाटे एनबीए बघायची सवय लागली होती, स्वस्त डेटाची कृपा. १२ एप्रिल २०१८ ची आपली पहाट: मोसमाचा शेवटचा दिवस, मिनेसोटा आणि डेन्व्हर दोघांचे ४६ विजय, ३५ पराभव, समोरासमोर सामना, जिंकेल तो प्लेऑफमध्ये. ८१ सामने खेळून दोघं एकाच पायरीवर. तोही सामना जादा वेळेत गेला आणि मिनेसोटाने ११२-१०६ असा घेतला. २००४ नंतर पहिल्यांदा ते प्लेऑफला गेले. डेन्व्हर ४६ विजय घेऊन घरी. एनबीएत हरण्याला वजन नसतं. जादा वेळेत सहाने हरलेला आणि चाळीसने हरलेला, तक्त्यात दोघांपुढे सारखाच एक. काकाजींना एनबीएचा तक्ता लगेच कळला असता.

तर १९ फेब्रुवारी. गुजरातने यू मुंबाला ३६-३३ हरवलं, त्यांचे ६७ झाले. पुण्याने जयपूरला ३७-३० हरवलं, पुण्याचे ६६. फरक बरोबर सातचा, म्हणून जयपूरला हरण्याचा एक गुण मिळाला. ६२ चे ६३ झाले आणि ते आठवे आले. त्या गुणाचं खरंच लोणचं घालता आलं असतं.

आता पुणे आणि बंगळुरू दोघेही ६६ वर. हरियाणाने पाटण्याला हरवलं असतं तर हरियाणाचे ६८ झाले असते आणि आमच्या दोघांपैकी एकजण बाहेर. पाटणा आधीच पहिलं, त्यांना या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं. तरी ते ३०-२७ ने जिंकले.

इथे एक आडवळण. विदर्भाच्या माणसाने पुण्याला पाठिंबा का द्यावा, हे मला गावात बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि विचारण्याचा सूर तुम्हाला माहीत आहे. विदर्भाला संघ नाही. २०१७ मध्ये नागपूरच्या मानकापूर स्टेडियमला प्रो कबड्डी आली ती बंगळुरू बुल्सचं ‘घरचं मैदान’ म्हणून. बंगळुरूचं घर नागपुरात! त्यामुळे ६६-६६ च्या त्या संध्याकाळी एकीकडे नोकरीचं गाव आणि दुसरीकडे नागपूरचा भाडेकरू, असं माझं झालं होतं. पण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत त्या मोसमात पुण्याकडून नवे होते, आणि त्यांना खेळताना बघितल्यावर भूगोल फार वेळ टिकला नाही.

दोघेही पुढे गेले. मिरवणूकही पुढे गेली. मग मी निवांत शीट उघडली आणि जे दिसलं ते अजून विसरलो नाही.

पुणे: १२ विजय, ९ पराभव, १ बरोबरी. विजयांच्या हिशेबात पाटण्यानंतर दिल्ली आणि पुणे बरोबरीने दुसरे. यूपी योद्धा: १० विजय, ९ पराभव, ३ बरोबरी. दोघेही नऊ वेळा हरले. पुण्याला नऊ पराभवांतून तीन गुण मिळाले. यूपीला नऊ. म्हणजे यूपी एकदाही सातपेक्षा जास्त गुणांनी हरले नाहीत, आणि पुणे हरले की बहुतेक वेळा सपाटून हरले.

हरण्याचे गुण काढून टाका. पुणे ६३, तिसरे. गुजरात ६२, बंगळुरू ६१, आणि यूपी ५९ वर, हरियाणासोबत सहाव्या जागेसाठी भांडत. ते गुण परत घाला. यूपी ६८, तिसरे. पुणे सहावे. आणि एलिमिनेटरला तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, म्हणजे पुण्याची यूपीशीच. यूपीने तो सामना ४२-३१ असा जिंकला. अकराचा फरक. साखळीत असता तरी पुण्याला त्याचा गुण मिळाला नसता.

मी हे काकाजींना दाखवलं. त्यांना वाटलं, आता पोरगं कबूल करणार की नियम भंगार आहे. बारा वेळा जिंकलेला दहा वेळा जिंकलेल्याच्या खाली! मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या संघाचं नुकसान झालं हे खरं. पण यूपीने नऊ वेळा हरताना शेवटच्या चढाईपर्यंत दार धरून ठेवलं, आणि तक्त्याने ते पाहिलं. आधीच्या नव्वद वर्षांत कुठल्या तक्त्याने हे पाहिलं होतं? त्या जीपमधून एका गुणाने हरून आलेल्या दहा-बारा पोरांचं नाव कुठल्या वहीत आहे? बक्षिसाच्या फळीवर विजेता आणि उपविजेता, बस.

काकाजींचं म्हणणं वेगळं होतं आणि तेही मला खोडता आलं नाही. ते म्हणाले, “तू जे मोजून रायला, ते आमाले कोनी न मोजता मालूम रायते. कोन कसा हारला हे गावाले मालूम रायते.”

पुढच्या मोसमांत पुण्याचं काय झालं हे बहुतेकांना माहीत आहे. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ हार. मग २०२३-२४: २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबऱ्या, फक्त २ पराभव, ९६ गुण, पहिली जागा. जयपूर ९२. मी शीट उघडून आधी ते दोन पराभव बघितले. दोन्ही सातच्या आत. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून पुणे पहिल्यांदा विजेते झाले. अस्लम कर्णधार होता.

आणि २०२५ च्या बाराव्या मोसमात नियमच गेला. जिंकलं की २ गुण, हरलं की शून्य. साखळीतही बरोबरी नाही, टाय झाला की दोन्हीकडून पाच-पाच चढाया, तरी नाही मिटलं तर सुवर्णचढाई. पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांसाठी प्ले-इन; बास्केटबॉल बघणाऱ्याला हे नाव ओळखीचं. तक्ता वाचायला सोपा झाला हे मान्य. मोबाईलवर एका नजरेत कळतो, शीट लागत नाही. पण नऊने मागे पडलेल्या संघाच्या शेवटच्या दोन मिनिटांत आता पुन्हा ती जीप दिसते.

नव्या नियमाचा पहिलाच मोसम, आणि साखळीत पुणे आणि दिल्ली दोघांचे १८ सामन्यांत १३ विजय, २६ गुण. पुणे पहिले आले ते फक्त गुणफरकावर. क्वालिफायरला दोघं भिडले तेव्हाही सामना टाय झाला आणि टायब्रेकरवर दिल्लीकडे गेला. पुणे दुसऱ्या वाटेने अंतिम फेरीत आलं, पुन्हा दिल्ली समोर. ३१ ऑक्टोबरला दिल्लीतच ३१-२८ ने दिल्ली जिंकली.

त्या रात्री मी पुण्यात होतो. काकाजींचा फोन आला.

“कितीनं हारले?”

“तीननं.”

“मंग?” म्हणाले, आणि कापसाच्या भावावर आले.