अमेरिकेतील अपंगत्व-विमा : ‘काम करण्यास असमर्थ’ या संज्ञेची जडणघडण (१९५६-१९८४)

अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आजारपणामुळे काम सुटलेल्या कामगारासाठी विम्याची तरतूद नव्हती. वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनेचा विरोध असताना सिनेटने १९५६ मध्ये ती ४७ विरुद्ध ४५ अशा निसटत्या बहुमताने स्वीकारली. तीही ५० ते ६४ या वयोगटापुरतीच. ही वयोमर्यादा १९६० मध्ये गेली. आजार ‘अनिश्चित मुदतीचा’ असण्याऐवजी किमान १२ महिने टिकणारा असला तरी पुरे, असे १९६५ मध्ये ठरले.

यावरून कायदा उत्तरोत्तर उदार होत गेला असे वाटते. परंतु ते अर्धसत्य होय. अर्जदाराला प्रत्यक्षात कोणते काम मिळू शकेल, असे न्यायालये विचारू लागताच काँग्रेसने १९६७ मध्ये व्याख्या आवळली. त्याला झेपणारे काम राष्ट्रीय अर्थव्यवस्थेत लक्षणीय प्रमाणात असले की अर्ज नामंजूर. मग ते त्याच्या परिसरात आहे काय, जागा रिकामी आहे काय, मालक त्याला ठेवून घेईल काय, हे मुद्दे गैरलागू ठरले. खाणीशिवाय दुसरा रोजगार नसलेल्या गावातील आजारी कामगाराला ही ‘राष्ट्रीय अर्थव्यवस्था’ कोठे भेटणार होती? पुढे १९८१ पासूनच्या फेरतपासणीत लाखो लाभार्थींचे निर्वाहवेतन बंद झाले. प्रकृती सुधारल्याचा पुरावा असल्याशिवाय ते सहसा थांबवता येणार नाही, हे तत्त्व १९८४ मध्ये कायद्यात आले.