नगर ते रौजा: नानांच्या रस्त्यावरचा इतिहास

दख्खनी मुसलमानांचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी दिल्लीहून सुटते. खिलजी आले, तुघलक आले, मग मुघल आले. या गोष्टीत सगळे नुसते येत असतात, राहताना कुणी दिसत नाही. माझ्या नानांची गाडी मात्र नगरच्या एसटी स्टँडवरून सुटायची.

१९८०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत नाना-नानी आम्हा नातवंडांना घेऊन नगरहून औरंगाबाद आणि तिथून खुलताबादला निघत. खुलताबादला घरात सगळे ‘रौजा’च म्हणत. (या दोन्ही शहरांची नावं आता बदलली आहेत. आठवणी त्या वेळच्या आहेत म्हणून नावंही त्या वेळचीच लिहिते.) लाल डब्याच्या खिडकीला पाण्याची छागल टांगलेली, नानीच्या पिशवीत पुऱ्या, उकडलेली अंडी आणि कैरीचं लोणचं. नाना निवृत्त पोस्टमन. पत्ता चुकलेला त्यांना खपत नसे, मग तो इतिहासातला का असेना.

नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. सगळं गाव तिला चांदबीबी महाल म्हणतं. नाना दरवर्षी बजावत, “महाल नाही, मकबरा आहे. चांदबीबीचा नाही, सलाबतखानाचा.” सलाबतखान हा मुर्तजा निजामशाहाचा वजीर. चांदबीबीचा खरा पत्ता म्हणजे नगरचा किल्ला. १५९५-९६ मध्ये अकबराच्या मुलाने, शहजादा मुरादने, वेढा घातला तेव्हा ती तिथे उभी राहिली. याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद कैदेत होते. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आलेली पत्रं त्यांनी तिथे लिहिली. ते कैदेत असतानाच १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या बेगम वारल्या. नाना हे सांगत तेव्हा नानी पदराने चष्मा पुसायची.

शहर सुटण्याआधी नाना दर्गा दायऱ्याच्या दिशेने बोट करत. तिथे शाह शरीफ यांची मजार आहे. मालोजीराजे भोसल्यांनी या पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. हे दोघे भाऊ १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरच्या बाजूने लढले. समोर मुघल आणि आदिलशाही फौज होती. शरीफजी तिथेच कामी आले. म्हणजे एका बाजूला हबशी सेनापती आणि मराठे सरदार, दुसऱ्या बाजूला दिल्लीचा मुसलमान बादशाह आणि विजापूरचा मुसलमान सुलतान. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या चौकटीत ही लढाई बसवून दाखवा पाहू.

खुद्द निजामशाहीचं मूळही असंच. नगर वसवणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फरिश्ता आपल्या फारसी इतिहासात लिहितो. फरिश्ताचं बालपण नगरमध्येच गेलं.

इमामपूरचा घाट उतरून घोडेगाव मागे टाकलं की नेवासा फाटा. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती नेवाशात, १२९० मध्ये. हेही नानांनीच सांगितलं, शाळेत ते खूप नंतर आलं. प्रवरासंगमच्या पुलावर बस आली की लोक खिडकीतून नाणी टाकत आणि हात जोडत. नानी बिस्मिल्ला म्हणून आम्हाला सांगायची, “बच्चो, पानी को देख लो. इत्ता पानी अपने नगर में कहाँ!”

पाण्याचा धडा पुढे औरंगाबादला पुरा होई. मलिक अंबर हबश देशातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१०च्या सुमारास खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद. या कोरड्या मुलखात त्याने जमिनीखालून बांधीव नहर नेली आणि घराघरापर्यंत पाणी आणलं. नंतरच्या काळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की उभी राहिली. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचं आणि फकीर, वाटसरूंसाठी धान्य दळायचं. नाना म्हणत, “लढाई कुणी जिंकली हे विसरलात तरी चालेल. पाणी कुणी आणलं ते विसरू नका.”

मग दौलताबाद. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. राजधानी परत गेली, पण तिच्याबरोबर आलेले कितीतरी सूफी इथेच राहिले. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत याच किल्ल्याचे किल्लेदार होते. बस घाट चढून रौज्याला पोचे. अर्धे प्रवासी दर्ग्याला जाणारे, अर्धे भद्रा मारुतीला. स्टँडवर उतरून सगळे एकाच टपरीवर चहा पीत.

रौज्यात नानी पहिल्यांदा आम्हाला अमीर हसन सिज्जी यांच्या कबरीकडे नेई. हे निजामुद्दीन औलियांचे मुरीद आणि अमीर खुसरोंचे दोस्त. त्यांच्या कबरीवर ठेवलेली साखर मुलांनी जिभेने उचलली की बुद्धी तल्लख होते, अशी इथली समजूत. मी दरवर्षी उचलली. गुणाकार सुधारला नाही, शेरोशायरीची गोडी मात्र लागली.

मग औरंगजेबाची कबर. १७०७ मध्ये तो नगरजवळ वारला आणि त्याला इथे, झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली दफन केलं. नाना फातेहा पढत आणि बाहेर आल्यावर सांगत, “बादशाह था, पीर नहीं.” विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही १६८७ मध्ये त्यानेच बुडवली, हे ते आवर्जून सांगत. नानांनी त्याचं ओझं आमच्या खांद्यावर दिलं नाही आणि त्याचा झेंडाही हातात दिला नाही.

शेवटी मलिक अंबरचा मकबरा. तो १६२६ मध्ये वारला. तिथे गर्दी कधीच नसायची. आयुष्यभर मुघलांशी झुंजलेला अंबर आणि दख्खन जिंकायला येऊन इथेच संपलेला मुघल बादशाह, दोघेही या एकाच गावाच्या मातीत आहेत.

आज माझ्या वर्गातल्या मुलांना रौज्यातली एकच कबर ठाऊक आहे, तीही मोबाईलवरच्या भांडणामुळे. त्या भांडणात त्यांना दोनच जागा देऊ केल्या जातात: तिचा बचाव करा नाहीतर मान खाली घाला. अंबर, सिज्जी, शाह शरीफ, पाणचक्की यांतलं काहीच त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. एखादा मुलगा मधल्या सुट्टीत हळूच विचारतो, “टीचर, आपण इथले की बाहेरचे?” बारा-तेरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडावा, याचंच मला जास्त वाईट वाटतं. मी त्याला सांगते की, कुणी हबशातून आलं, कुणी दिल्लीतून, कुणी पाथरीतूनच निघालं; पण मातीला मिळाले ते सगळे इथेच.

एवढ्याने त्याचं समाधान होत नाही, हे मला कळतं. शब्दांवर त्याने का विश्वास ठेवावा? म्हणून पालकसभेत मी एकच विनंती करते. नगर ते खुलताबाद हा एका दिवसाचा रस्ता आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मुलांना खिडकीशी बसवा आणि मोबाईल पिशवीत ठेवा. औरंगजेबाची कबर पाहा, तिथेच थांबू नका. थोडं पुढे मलिक अंबर आहे, तिथेही फातेहा पढा.